आईनं टाकी बंद केली

आमच्या त्या भाड्याच्या घराला ना कुंपण होतं, ना शेजार. मिशिगनमधल्या मक्याच्या शेतांच्या मधोमध ते एकटंच उभं होतं. नवऱ्याला जवळच्या गावात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली होती, म्हणून आम्ही तिथे. बाकीची मराठी मंडळी सगळी डेट्रॉइटच्या बाजूला, नोव्हायच्या आसपास राहायची. त्यांच्याकडे गॅस रस्त्याखालच्या पाइपातून यायचा. आमच्याकडे तो टाकीतून यायचा, आणि मला त्याचा सुरुवातीला फार राग होता. अमेरिकेत येऊन पुन्हा सिलिंडरच नशिबी, असं मी आल्या दिवशीच नवऱ्याला ऐकवलं होतं.

पण तो काही सिलिंडर नव्हता. घरामागे चार बुटक्या पायांवर आडवी निजलेली पांढरी लोखंडी टाकी होती, आत एक माणूस ऐसपैस झोपला असता एवढी. तिच्या पाठीवर मधोमध एक झाकण. ते उचललं की गॅस किती उरलाय ते दाखवणारा काटा आणि टाकी उघडायचं-मिटायचं एक छोटं चाक दिसायचं. तिथून जमिनीखालून एक नळी घरात यायची आणि तळघरातल्या घर तापवणाऱ्या फर्नेसला, पाण्याच्या हीटरला आणि शेगडीला गॅस पुरवायची. फर्नेसच्या पोटात बोटाएवढी निळी ज्योत कायम तेवत असायची. तिला पायलट म्हणतात. दिवाणखान्यातल्या भिंतीवरचा काटा जरा सरकवला की खाली धप्प आवाज व्हायचा, त्या एवढ्याशा ज्योतीचा जाळ व्हायचा आणि जमिनीतल्या जाळ्यांतून गरम वारा वर यायचा. बाहेर झाडं थंडीनं कडाकडा वाजत असताना मी त्या जाळीवर गाऊन फुगवून उभी राहायचे. इतक्या वेळा ते पाहिलं, तरी मला दर वेळी नवल वाटायचं. त्यापुढं राग काही टिकला नाही.

थंडी सुरू होता होता माझं बाळंतपण करायला आई आली. तिचं पहिलंच विमान, पहिलाच बर्फ. त्यातल्या कशाचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. ती थक्क झाली ती टाकी बघून. आमच्या गावी गॅसचा नंबर लागायला कित्येक वर्षं गेली होती, आणि तो लागला तेव्हा आईनं सिलिंडरला हळदकुंकू वाहून गल्लीत पेढे वाटले होते.

"यात आपले किती सिलिंडर मावतील गं?" तिनं विचारलं.

"खूप."

"म्हणजे सबंध गल्लीचं वर्ष निघेल." ती हात जोडून उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी पाहते तर टाकीच्या पांढऱ्या पोटावर हळदकुंकवाची ठसठशीत बोटं! गॅस भरायला ट्रक घेऊन आलेला माणूस ते बघून दचकला. टाकीला काही बिघाड म्हणून कुणी खूण केली आहे का, असं त्यानं मला दोनदा विचारलं. "माझ्या आईनं आशीर्वाद दिलाय," मी म्हणाले. त्यानं टोपी काढून आईकडे बघत मान लववली. आई दिवसभर खुशीत होती.

एक गोष्ट मात्र तिच्या अंगवळणीच पडेना. आमच्या घरी रात्री निजताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, आणि परगावी जाताना तर हमखास. एस.टी. स्टँडवर पोचल्यावर "गॅस बंद केलास ना गं?" असं कुणीतरी विचारणारच, आणि कुणीतरी धावत घरी परत जाणारच. इथं ही टाकी अहोरात्र उघडी! आई झोपण्याआधी खिडकीतून तिच्याकडे संशयानं बघायची. "ती कधीच बंद करायची नसते, आई," मी सांगायचे. ती "बरं" म्हणायची. आईचं "बरं" म्हणजे होकार नव्हे, हे मला जन्मापासून माहीत होतं.

बाळ वेळेच्या बरंच आधी आलं. मुलगी झाली. एवढीशी, लालभडक, मुठीत मावेल एवढं डोकं. शहरातल्या हॉस्पिटलात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तिथं फक्त आईबापांनाच आत सोडत, त्यामुळे आजीला नातीचं तोंड दाराच्या काचेतूनच बघायला मिळालं. पोरीची एक खोड होती. झोपेत ती मध्येच श्वास घ्यायची थांबायची. मशीन किंचाळायचं, नर्स पेटीत हात घालून तिच्या तळपायाला हलकेच टिचकी मारायची, की पोरगी दचकून पुन्हा श्वास घ्यायची. दर वेळी माझा जीव टांगणीला लागायचा. आठवडे असे गेले. मग ती खोड सुटली, वजन जरा वाढलं आणि डॉक्टर घरी न्या म्हणाले. जाताना त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. हिला गारठू देऊ नका. एवढं लहान मूल गारठलं की पुन्हा श्वास विसरू शकतं.

शेवटचे दोन दिवस मला हॉस्पिटलात तिच्याजवळ राहून सगळं शिकून घ्यायचं होतं. नवरा आणि आई जवळच्या एका मराठी काकूंकडे उतरले. घर दोन दिवस बंद होतं. तिसऱ्या दिवशी मुलीला दुपट्यांत गुंडाळून आम्ही घरी निघालो, तर वाटेत बर्फ सुरू झाला. वारा असा, की रस्ता कुठला आणि शेत कुठलं कळेना. आमच्या घराकडे वळणाऱ्या वाटेवर गाडी जी रुतली ती रुतलीच. धूर सोडणारी नळीसुद्धा बर्फात बुडाली. बाळ कोटाच्या आत घेऊन गुडघाभर बर्फातून आम्ही कसेबसे दारापर्यंत पोचलो. मला वाटलं, सुटलो.

दार उघडलं आणि आतून बाहेरच्यासारखीच थंडी अंगावर आली. घरात आमच्या तोंडातून वाफा निघत होत्या. सिंकमधल्या भांड्यातलं पाणी गोठून पांढरं झालं होतं. नवरा तळघरात धावला आणि वर येऊन म्हणाला, "पायलट ऑफ झालाय. सगळेच ऑफ झालेत." तो तसाच मागे टाकीकडे गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा काहीतरीच झाला होता.

"गॅस अर्ध्याच्या वर आहे. टाकीचं चाक बंद आहे."

आम्ही दोघांनी आईकडे बघितलं.

"मग?" आई म्हणाली. "दोन दिवस घराला कुलूप, आणि गॅस चालू ठेवून जायचं? तुम्ही गाडीत सामान ठेवत होतात तेव्हा जाऊन बंद करून आले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायला वेळ नव्हता. चाक उघडलं की झालं, असंही नव्हतं. एकदा टाकी बंद झाली की गॅसवाल्यानं येऊन नळ्या तपासल्याशिवाय काही पेटवायचं नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद होती. नवऱ्यानं फोन लावला. माणूस निघतोय, पण या हवेत वेळ लागेल, आणि ट्रक आत यायला वाट मोकळी हवी, असं उत्तर आलं. सगळ्यांत जवळच्या घरातले म्हातारा-म्हातारी हिवाळ्यापुरते फ्लोरिडाला गेले होते. विजेचा हीटर घरात नव्हता. गाडी सुरू करून आत बसायची सोय नव्हती, कारण धूर आत आला असता. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणजे पाइप गोठल्यामुळे नळाला पाणी नव्हतं.

"मी वाट साफ करतो, तुम्ही हिला सांभाळा," असं म्हणून नवरा फावडं घेऊन बाहेर गेला.

मी दिसेल ते पांघरूण बाळाभोवती गुंडाळत सुटले. तिचं नाक हाताला लागलं ते बर्फाच्या खड्यासारखं. तेवढ्यात आईनं तिला माझ्या हातातून घेतलं, पलंगावर बसली आणि एकेक दुपटं काढायला लागली.

"आई! काय करतेस? वेड लागलंय का तुला?"

"ओरडू नको. ती घाबरेल."

दुपटी गेली, टोपडं आणि लंगोट तेवढे राहिले. बाकी उघडी पोर तिनं आपल्या पोलक्याच्या आत, छातीवर उभी धरली. हनुवटीखाली तेवढं टोपडं दिसत होतं. मग पदर, मग शाल, वर नवऱ्याचा जाडा कोट, त्यावर गोधडी. "दुपट्यांना स्वतःची ऊब नसते गं," ती म्हणाली. "गार पोराला गार दुपट्यात बांधून काय होणार?"

काही सुचेना म्हणून मी पातेलंभर बर्फ आणला, विजेच्या राइस कुकरमध्ये वितळवून गरम केला आणि त्या पाण्यानं रबरी पिशवी भरून आणली. आईनं ती माझ्याच पोटावर ठेवायला लावली. "तू ओली बाळंतीण आहेस. तिला पुरेशी मी आहे." मी बाळाच्या पाठीला हात लावायला गेले, तर तिनं तो झटकला. "आधी काखेत धरून गरम कर, मग लाव."

हात गरम करून मी पोलक्यात घातला. बाहेर वारा खिडक्या हादरवत होता, माझ्या बोटांना कळ लागत होती, आणि तिथं आत, त्या साठीच्या बाईच्या कुडीत, खरोखर भट्टी पेटली होती. पोरीची पाठ आधी गार लागली. थोड्या वेळानं कोमट. मग तिथं नुसतीच माणसाची ऊब होती. तळघरातल्या त्या जाळाचं मला नवल वाटायचं ना, ते याच्यापुढं काहीच नव्हतं. मी आयुष्यभर या बाईजवळ राहिले होते आणि तिच्या अंगात एवढी आग आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आई मात्र शांत नव्हती. तिचा कान सारखा खाली होता. मधूनच ती थबकायची, गोधडीतल्या गोधडीत हात सरकवायची, आणि तिचं बोट हललेलं मला दिसायचं. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी पांघरूण उचलून पाहिलं. ती बाळाच्या तळपायाला टिचकी मारत होती, अगदी त्या नर्सनं मारावी तशी. पोरगी दचकली, तिनं श्वास घेतला आणि चिरका आवाज काढला.

"थांबली होती?"

"जराशी. आता नाही थांबणार. गरम झालीय."

हे तुला कुणी शिकवलं, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं, पण बाहेर ट्रकचा आवाज झाला. तोच माणूस, मागे आलेला. त्यानं टाकी उघडली, नळ्या तपासल्या, तळघरात गेला. नवराही आत आला होता; आम्ही तिघं श्वास रोखून जमिनीकडे बघत होतो. धप्प झालं. पंखा घुमला. जाळीतून आधी थंडगार वारा आला, मग धुळीचा जळका वास, आणि मग गरम वारा. नवरा त्या जाळीवर बसकण मारून बसला आणि हातमोजे न काढताच रडायला लागला.

गॅसवाला वर आला आणि त्यानं विचारलं, टाकी बंद कुणी केली होती? आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागलो.

"सांग त्याला, मी केली," आई म्हणाली. "आमच्याकडे करतात म्हणावं."

मी सांगितलं. तो हसला. "तुमच्या आईला सांगा, घट्ट बंद करतात त्या. मला दोन्ही हात लावावे लागले." मग त्यानं गोधडीतून डोकावणारं टोपडं पाहिलं आणि तो अगदी पाऊल न वाजवता बाहेर गेला.

खोली हळूहळू तापली. खिडकीवरचा बर्फ ओघळायला लागला. मी मुलीला घ्यायला हात पुढे केले, पण आईनं दिली नाही.

"आई, टिचकी मारायची असते हे तुला कसं माहीत? तुला तर आत सोडतसुद्धा नव्हते."

"तू अशीच होतीस की."

"अशी म्हणजे?"

"अशीच. अपुऱ्या दिवसांची. हिच्याहून लहान. डॉक्टर म्हणाले, ही काही राहत नाही, घरी न्या. काचेची पेटी कुठली तिथं? मीच पेटी. सव्वा महिना तुला छातीवरून खाली ठेवलं नव्हतं. रात्री बसूनच झोपायची. तू श्वास विसरलीस की टिचकी मारायची."

तोवर मला फक्त एवढंच माहीत होतं, की मी लहानपणी जरा अशक्त होते.

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"त्यात सांगायचं काय? राहिलीस ना."

मी तिच्या अंगावरची गोधडी काढून घेतली. आईनं कोट बाजूला केला, शाल सोडली. मला गाऊनची बटणं काढायला सांगितली.

"आता घर तापलंय की," मी म्हणाले.

"घराचं काय, ते बंद पडतं. घे. आता तू."

तिनं मुलगी अलगद उचलली आणि माझ्या उघड्या छातीवर ठेवली. मी तिच्या एवढ्याशा पाठीवर हात ठेवला. ती पाठ आईच्या अंगासारखी गरम होती.