सापडलेल्या वस्तूंची मावशी

आमच्या शाळेत बावीस वर्षं शिपाई म्हणून काम करणाऱ्या मावशीचा कशावरच विश्वास नव्हता. घंटा द्यायची तर भिंतीवरच्या घड्याळाबरोबर स्वतःच्या मनगटावरचं घड्याळही बघायची, आणि दोन्हींत फरक पडला तर माझ्या टेबलाशी येऊन तिसरं बघायची. कुलूप लावलं की तीनदा ओढायची. दहा पावलं टाकून परत यायची आणि चौथ्यांदा ओढायची. तिच्या दोन खोल्यांच्या घरात ती आणि तिची नणंद अशा दोघीच राहतात. ही नणंद एकदा शाळेत आली होती, तेव्हा म्हणाली, "वहिनी आरशासमोर उभी राहिली तरी आधी विचारते, कोण आहे म्हणून." मुलांनी जाड भिंगांच्या चष्म्यावरून तिचं नाव ‘दुर्बीण’ ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं, आणि ते कोणी ठेवलं याचाही तिला संशय होता.

घंटा आणि पाणी सोडून तिच्याकडे आणखी एक काम होतं. जिन्याखालचं लोखंडी कपाट. शाळेत मुलांच्या हरवलेल्या वस्तू सापडल्या की त्या तिथे जमा व्हायच्या. पाण्याच्या बाटल्या, कंपासपेट्या, छत्र्या, चष्म्याची घरं, एकदा तर दातांची तार. दार उघडलं की रबराचा आणि ओल्या कापडाचा वास यायचा.

त्या कपाटाची वही मी आखून दिली होती. शाळेच्या कार्यालयात मी मुख्य लिपिक. तीन वर्षांपूर्वी मुलं इतक्या वस्तू हरवायला लागली की पालकांच्या तक्रारींनी आम्ही हैराण झालो. मी नियम सुचवला. प्रत्येक वस्तूवर नाव हवं. वस्तू सापडली की वहीत नोंद. एका मुलाच्या तीन नोंदी झाल्या की निष्काळजीपणाबद्दल घरी पत्र. अशी तीन पत्रं झाली की पालकांना बोलावून प्रवेशाचा फेरविचार. हा नियम प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवला गेला. वर्षभरात वस्तू हरवणं निम्म्यावर आलं आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शिक्षकांच्या बैठकीत माझं नाव घेतलं. मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही.

यंदा सातवीत एक मुलगी नवीन आली. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मुलगी हळू बोलायची, आणि मान खाली घालून चालायची. दिवाणखान्यात पाहुणे बसले असताना आतल्या खोलीत जायचं असेल तर माणूस जसं जातं, तशी ती वर्गात शिरायची. चार महिन्यांत तिच्या नावावर आठ नोंदी झाल्या. दोन पत्रं घरी गेली.

एका दुपारी मधल्या सुट्टीत ती कपाटाशी आली. मी जिन्यावरून उतरत होतो, म्हणून ऐकलं.

"मावशी, पुन्हा माझं काही सापडलं तर लिहू नका ना."

"का गं?"

"बाबा म्हणालेत, आणखी एक पत्र आलं तर शाळा बंद. आत्याकडे पाठवणार मला. तिच्या शिवणाच्या दुकानात बसायचं."

"मग हरवू नकोस."

"मी हरवत नाही, मावशी."

"बरं. सगळे तेच म्हणतात."

मुलगी गेली. मावशीला दया आली असेल असं मला वाटलं. पण नाही, तिला पहिला संशय त्या मुलीचाच आला. दुसऱ्या दिवशी तिने मुलीला थांबवून दप्तर उघडायला लावलं आणि एकेक वस्तू बाहेर काढून बघितली. मग माझ्याकडे आली.

"भाऊसाहेब, त्या पोरीनं खोडरबरावर नाव घातलंय."

"मग?"

"पेन्सिलीवर घातलंय. डब्याच्या झाकणाच्या आतून घातलंय. आणि ती पोरगी मागच्या महिन्यात एक बूट हरवते? एक? दोन नाही. एका पायानं घरी गेली का ती?"

मी म्हटलं, मुलं आहेत, खेळताना काढले असतील.

"सापडला कुठं तो? मुलांच्या स्वच्छतागृहाच्या गच्चीवर. ती काय भिंत चढली?"

मी तिला सांगितलं, तुमचं काम वस्तू ठेवण्याचं आहे, चौकशीचं नाही.

त्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. एक बाई म्हणाल्या, वस्तू सापडतात कपाटात, किल्ली एकीच्याच कमरेला, तेव्हा समजायचं ते समजा. सारखी कोणीतरी चोर आहे असं म्हणत फिरणाऱ्या माणसाला चोर दाखवावाही लागतो. मला ते अगदीच अशक्य वाटलं नाही. मावशी जेवायला गेली असताना मी कार्यालयातली दुसरी किल्ली घेतली, कपाट उघडलं आणि वहीवरून वस्तू पडताळल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या.

संध्याकाळी मावशी टेबलाशी येऊन उभी राहिली. "मोजून झालं का?"

"काय?"

"किल्ली तुम्ही खिळ्याला उलट्या तोंडाने अडकवलीत. कार्यालयातल्या किल्ल्या मी बावीस वर्षं सुलट अडकवतेय."

ती रागावली नव्हती. म्हणाली, "तपासलंत ते बरं केलंत. मी तुमच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी तपासलं असतं. आता माझं एक ऐका. या वहीत वस्तू काय, कोणाची, कुठं सापडली, कधी, सगळं आहे. आणून कोणी दिली, ते कुठाय?"

वही माझ्या समोर होती. मी आखलेले सात रकाने. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. ज्याच्याकडून आलं त्याचं नाव नसलेली जमा ही जमाच नव्हे, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. आणि मी तीन वर्षं तशी वही चालवत होतो.

मी पट्टी घेतली आणि त्याच वेळी आठवा रकाना आखला.

मंगळवारी गणिताचा तास संपून छोटी सुट्टी झाली. घंटा देऊन मावशी कपाटाशी पोचते न पोचते तोच सातवीची मॉनिटर आली. नीटनेटकी मुलगी, नेहमी अदबीने बोलणारी. शिक्षकांना फार आवडायची. तिच्या हातात कंपासपेटी होती.

"मावशी, ही पाण्याच्या टाकीमागे पडली होती. नवीन मुलीची आहे. लिहून घ्या ना."

"लिहिते की. आधी तुझं नाव इथं लिही, आणि सही कर."

"माझं कशाला? मी तर मदत करतेय."

"मग मदत करणारीचं नाव नको का राहायला? कर, कर. लाजू नकोस."

मॉनिटरने हसत सही केली. मावशीने पेटी हातात घेतली, पण कपाटात ठेवली नाही. "टाकीमागे तू कशाला गेली होतीस?"

"सहज."

"तिथं चिखल आहे. तुझे बूट तर लख्ख आहेत."

मॉनिटर म्हणाली, उशीर होतोय, आणि निघून गेली. मावशी गुडघे दुखत असूनही दोन जिने चढून सातवीच्या वर्गात गेली. नवीन मुलगी बाकावर एकटी होती.

"पोरी, तुझी कंपासपेटी कुठाय?"

"दप्तरात. आत्ताच वर्तुळं काढली आम्ही." मुलीने दप्तरात हात घातला. मग दुसऱ्या कप्प्यात घातला. मग तिचा चेहरा उतरला.

गणिताच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, हो, घंटा होईपर्यंत ती त्याच पेटीतल्या कंपासने वर्तुळं काढत होती, मी स्वतः वही तपासली. म्हणजे जी वस्तू हरवल्याचं मालकिणीलाही माहीत नव्हतं, ती सापडून जमाही झाली होती.

मावशी धापा टाकत माझ्याकडे आली आणि सगळं सांगितलं. "पत्र थांबवा."

आणि इथे मी जी चूक केली ती माझ्यासारखाच माणूस करू शकतो. नववी नोंद म्हणजे तिसरं पत्र. मी म्हटलं, "नोंद झाली की पत्र जातं, मावशी. चौकशीत काही निघालं तर रद्दचं पत्र काढू." पत्र टाइप झालं, शिक्का बसला आणि शाळा सुटताना मुलीच्या हातात पडलं.

बुधवारी मुलगी आली नाही.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. सगळा वर्ग प्रार्थनेला उभा करून विचारते, म्हणाल्या. मावशी दारातच होती.

"तसं करू नका, बाई. सगळ्यांसमोर विचारलंत तर कोणी काही सांगणार नाही, आणि त्या पोरीनं चहाडी केली असा बोभाटा होईल. आता पेटी गेलीय. पुढं काय जाईल कोणी सांगावं? मॉनिटर आणि तिच्या त्या दोन मैत्रिणी, एकेकीला बोलवा. आणि एकमेकींना भेटू देऊ नका मधे."

तसंच केलं. मॉनिटर पाऊण तास ठाम राहिली. तिची एक मैत्रीण मात्र खुर्चीवर बसताच रडायला लागली. त्यांचा तो खेळ होता. वस्तू घ्यायची, लांब कुठेतरी ठेवायची आणि आपणच शोधून जमा करायची. तिसरं पत्र कोणी जमा केलेल्या वस्तूमुळे जाईल यावर पैज होती. का, असं मोठ्या बाईंनी विचारलं, तर ती म्हणाली, "ती काही बोलत नाही ना, म्हणून." याहून मोठं कारण आम्हाला पुढेही मिळालं नाही.

मला मात्र दुसरीच गोष्ट टोचत राहिली. नियम मुलींनी पाठ केला होता. आम्हीच तो त्यांना वाचून दाखवला होता.

मोठ्या बाईंनी तिघींच्या पालकांना वेगवेगळं बोलावलं, मॉनिटरला दुसऱ्या तुकडीत हलवलं आणि पत्रांचा नियम काढून टाकला. रद्दचं पत्र मी लिहिलं. टपालाने पाठवतो म्हटलं, तर मावशी म्हणाली, "टपालाचा काय भरवसा? चला." शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं घड्याळवाल्यांच्या दुकानात गेलो.

दुकान कसलं, रस्त्याकडेची अरुंद फटच. भिंतीवर वीसेक घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. मावशी दारातच अडखळली. वडील डोळ्याला भिंग लावून काम करत होते. त्यांनी पत्र वाचलं, उलटं केलं, शिक्का भिंगाखाली धरला.

"शाळा चूक कबूल करते?" ते म्हणाले. "कोणी दबाव आणला?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "चूक आमची होती. माझी."

"तीन पत्रांवर तुमचीच सही. आता चौथ्यावरही तुमचीच. कुठली खरी धरू? मी पोरीला बोललो. मारलं नाही, पण नको नको ते बोललो. ती सांगत होती, मी हरवत नाही. मी शाळेच्या कागदावर विश्वास ठेवला." त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. "रविवारी तिला आत्याकडे सोडायचंय. ठरलंय."

मी नियम रद्द झाल्याचं सांगायला लागलो. मावशीने मला हाताने थांबवलं.

"ठेवू नका विश्वास," ती वडिलांना म्हणाली. "मी तरी कुठं ठेवते? त्या पोरी सुधारल्या असं मला वाटत नाही. आमचे भाऊसाहेब सुधारलेत का तेही बघायचंय."

वडिलांनी भिंग काढलं.

"तुम्ही असं करा. रोज शाळा सुटताना फाटकाशी या. मला विचारा, आज ती कोणाशेजारी बसली, डबा कोणाबरोबर खाल्ला, दप्तर कुठं होतं. एक दिवस जरी मला सांगता आलं नाही, तर तिथूनच तिला घेऊन जा. आत्या काही पळून जात नाही."

पडद्यामागे हालचाल झाली. मुलगी तिथेच उभी राहून ऐकत होती. वडिलांनी विचारलं, "काय गं?"

"त्या असतील ना शाळेत?" तिने मावशीला विचारलं.

"असतील. एक दुसऱ्या वर्गात, दोघी तुझ्याच. खोटं कशाला सांगू?"

मुलगी म्हणाली, "मला खिडकीजवळचा बाक हवा. दाराजवळचा नको. दाराजवळून येताजाता दप्तराला हात लागतो."

"मिळेल," मी म्हटलं.

"मिळतो का ते मी बघते," मावशी म्हणाली.

वडिलांनी एक महिना पाहायचं कबूल केलं. सोमवारपासून ते खरोखर फाटकाशी यायला लागले आणि मावशी त्यांना हजेरी दिल्यासारखं सगळं सांगायला लागली. पहिल्या आठवड्यात उत्तर एकच होतं, एकटी बसली. दुसऱ्या आठवड्यात ती बुटाची नाडी बांधेपर्यंत एक मुलगी तिच्यासाठी थांबली. मावशीने त्या मुलीचीही माहिती काढली. कोणाची, कुठली, मॉनिटरशी बोलते का. शाळा शांत होती, आणि मावशी म्हणायची, "इतकं शांत बरं नाही. काहीतरी शिजतंय." जिन्याच्या वळणावर ती रोज उभी राहायची आणि सातवीच्या दाराकडे टक लावून बघायची.

चौथ्या आठवड्यात वडील यायचे थांबले. एक दिवस, दोन दिवस, तीन. मावशीचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी पोरीला न सांगता आत्याकडची तयारी चालवलीय, असं तिने ठरवूनच टाकलं. शाळा सुटताच ती एकटी दुकानात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, पोरगी घरी आली की इतकी बोलते की विचारायला काही उरतच नाही."

"आणि आत्याकडे पाठवायचं?"

"नाही पाठवत. आत्याला कळवून टाकलंय."

"मग चांगलं झालं की. काय बोलते घरी?"

"तक्रारी करते." मावशीने चष्मा पुसला. "माझ्या. म्हणे, मावशी सारखी मागे मागे असते, मैत्रिणी हसतात."

मी हसलो. ती हसली नाही. मधल्या सुट्टीत बघितलं, तर जिन्याचं वळण रिकामं होतं. मावशी खाली पाण्याच्या नळाशी उभी होती, सातवीच्या दाराकडे पाठ करून. वरून मुलींचा गलका आला तेव्हा तिची मान अर्धी वळली. मग तिने ती परत सरळ केली.