बाबांचा गुडघा आणि आमच्या क्लबचा हंगाम

चामोर्शीच्या बसस्टँडवर बाबांनी माझी मोठी बॅग उचलली आणि मी त्यांच्यावर ओरडले. नागपूरची बस लागली होती, तिथून पुढे विमान, आणि हा माणूस उजवा पाय ओढत, माझी बॅग खांद्यावर घेऊन गर्दीतून निघालेला. तरुणपणी कबड्डीत गेलेला गुडघा तो. मी शिकलेली फिजिओथेरपिस्ट, परक्यांचे गुडघे सांभाळायला इंग्लंडला चाललेली, आणि घरचा गुडघा असा. "या वर्षी ऑपरेशन करायचंच. पण मी सुट्टी काढून येईन तेव्हा. मी आल्याशिवाय करायचं नाही," मी बजावलं. बाबा म्हणाले, "हाव ना बाई. तू ये, मंग करू." आई खिडकीतून जवसाच्या चटणीचा डबा आत सरकवत होती. बस हलली तरी आमचं भांडण चालूच होतं. गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक असेल, निघताना कोणी कोणाशी धड बोलत नाही.

मी ज्या क्लबात लागले तो रग्बी लीगचा, पगारी खेळाडूंचा. उत्तर इंग्लंडातलं छोटं गाव, बंद पडलेल्या गिरण्या, कायम ओलं मैदान. तेरा तेरा जणांचा खेळ. चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरचे तिघं-चौघं मिळून आडवं करतात, तो उठतो, चेंडू पायानं मागे सारतो, पुन्हा तेच. सहा वेळा पकडले गेलात की चेंडू दुसऱ्यांचा. हे मी बाबांना फोनवर इतक्या वेळा समजावलं की क्लबनं मला त्याचा वेगळा पगार द्यायला हवा होता. ते मोबाइलवर एकेक सामना बघायचे आणि दर वेळी तेच विचारायचे, "पकडला तं बाद झाला ना? मंग उठते काऊन?"

हा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि सप्टेंबर सरता सरता संपतो. म्हणजे आपल्याकडे धानाची रोवणी ज्या दिवसांत, नेमक्या त्याच दिवसांत माझ्याकडे मरायला फुरसत नाही. आणि हंगाम तरी कसला! पहिले पाच सामने ओळीनं हरलो. मेमध्ये कोच बदलला. कप्तानाच्या मांडीचा स्नायू फाटला, तो बरा होतोय तोवर दुसऱ्याचा खांदा निखळला. माझ्या खोलीबाहेर सकाळपासून रांग, आणि रांगेतला प्रत्येक आडदांड गडी खोटारडा. पपईएवढा सुजलेला घोटा पुढे करून सांगणार, काही दुखत नाही, शनिवारी खेळतो. दुखतं म्हटलं तर संघातली जागा जाईल ही भीती. मी चिकटपट्ट्या बांधून बांधून वैतागले. तळाला राहिलो तर खालच्या विभागात घसरणार होतो आणि मग कोणाची नोकरी राहणार, कोणाची जाणार, ते कोणालाच माहीत नव्हतं.

जूनमध्ये आईचा फोन आला. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑगस्टची तारीख दिली होती. "येशीन का?" तिनं विचारलं. मी बर्फाच्या पाण्यात बसवलेल्या दोघा खेळाडूंवर लक्ष ठेवून उभी होते. मी म्हटलं, "आई, हंगाम चालू आहे गं, मधून उठता येत नाही. ऑक्टोबरमध्ये करू." ती "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आता हे वाक्य मी कुठून आणलं, ते गावातल्या तुम्हा बायांना सांगायला नको. रोवणीत बाया ओळीनं बांधीत, धानाच्या चिखलात, उतरल्या की पार पलीकडच्या धुऱ्याला, शेताच्या कडेला लागेपर्यंत मधली बाई बाहेर निघत नाही. निघाली तर ओळ मोडते, शेजारणींवर भार पडतो. एकदा चिखलातल्या शिंपल्यानं आईचा अंगठा कापला होता. ती तशीच रोवत धुऱ्यापर्यंत गेली आणि मगच तिनं पाय वर काढला. पाणी लाल झालेलं मी पाहिलं होतं. मी दहा वर्षांची असेन. शेजारच्या काकूंनी तेव्हा मला दटावलं, "रडून नको राह्यू, ओळीतल्या मानसाले हाक नाई माराची."

ऑगस्टमध्ये एकदा व्हिडिओ कॉलवर बाबांच्या मागे फिकट हिरवी भिंत दिसली. "नागपूरले तुह्या मामाकडं आलो, त्यानं नवीन रंग देल्ला," ते म्हणाले. चेहरा उतरलेला वाटला, तर म्हणाले जागरण झालं. नंतरही रोज बोलायचो. फोन डब्याला टेकवलेला, बाबा खुर्चीत, फक्त तोंड दिसायचं. आमचा कप्तान कसा पळतो यावर त्यांची टीका ऐकून मी चिडायचे आणि ठेवून द्यायचे.

शेवटचा सामना जिंकलो असतो तर वाचलो असतो. शेवटच्या मिनिटाला आमच्याच माणसाच्या हातून चेंडू निसटला. घसरलो. नोकरी तेवढी राहिली. फोन केला तर बाबा म्हणाले, "सपला ना हंगाम? आता ये."

ऑक्टोबरमध्ये चामोर्शीला बसमधून उतरले. समोरून बाबा चालत आले. सरळ. दोन्ही पायांवर सारखा भार टाकत. माणूस कसा चालतो हे बघण्याचेच मला पैसे मिळतात. मी बॅग खाली टाकली, त्यांना बाकावर बसवलं आणि सगळ्या स्टँडसमोर त्यांच्या पँटचा पाय वर केला. गुडघ्यावरून उभा, गुलाबी व्रण. दोन महिन्यांचा, मी झोपेतही सांगितलं असतं. म्हणजे ती हिरवी भिंत दवाखान्याची.

"कोणी सांगितलं होतं माझ्याशिवाय करायला?" मी किंचाळले.

बाबा इकडेतिकडे बघत पँट खाली ओढायला लागले. "तूच तं मनली, हंगामातून उठता येत नाई. तारीख सोडली तं पुन्हा कधी भेटन? अन् तुले मधात हाक मारून ओळ मोडाची का?" मग हळूच म्हणाले, "तू जातांनी लिहून देल्लेल्या कागदावरचे व्यायाम रोज करून राह्यलो. तुह्या मायले विचार."

मी तिथेच रडले, रागानं आणि कशाकशानं.

इंग्लंडला परत आल्यावर आमच्या क्लबच्या मोठ्या फिजिओबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, विचारायचंस तरी. दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं असतं तुला." मी विचारलंच नव्हतं. अख्ख्या हंगामात एकदाही नाही. खोटारडे म्हणून ज्या गड्यांवर मी ओरडत होते, त्यांच्या रांगेत मीही उभी होते, आणि बाबाही. इथे ओळीतून एक गेला तर बाकावरचा दुसरा उतरतो, हे मी दर शनिवारी डोळ्यांनी बघत होते. तरी माझ्या डोक्यात आपली बांधीच.

घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं की पूर्वी मी अंगण, चुलीचा धूर वगैरे सांगायचे. आता सांगते, जिथली माणसं तुमचा शब्द नको तितका पाळतात ते घर. त्यांच्यावर चिडावं तरी किती! गावातल्यांनो, तुम्हाला हात जोडून सांगते, आमच्या ओळी मोडा. हाक मारा. आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनो, तुम्ही निदान विचारा तरी.

फेब्रुवारीत नवा हंगाम सुरू झाला, खालच्या विभागातला. पहिला सामना हरलो. संध्याकाळी घरी फोन लावला. बाबा नेहमीसारखा फोन डब्याला टेकवून हसले. मी म्हटलं, "तोंड नंतर. आधी आईला फोन द्या, आणि उठून अंगणात चालून दाखवा."