पेशीचं पोट

माझ्या बायकोला, सुमनला, डॉक्टरांनी केमोबरोबर घ्यायच्या नव्या गोळीचं काम समजावून सांगितलं. औषधाच्या माऱ्यात कॅन्सरची पेशी स्वतःचेच मोडके भाग पचवून तग धरते. ही गोळी तिचं ते पचवणं अडवते.

“म्हणजे अडचणीत ती घरातलंच खाऊन दिवस काढते,” सुमन म्हणाली. “बाईच म्हणायची.”

निरोगी पेशीही तशाच तगतात, हे ऐकून मला क्षणभर त्या पेशीचाही राग येईना. जगायची धडपड सगळ्यांची सारखीच. मला मात्र सुमन हवी होती.

कालच्या तपासणीत गाठ थोडी लहान झालेली दिसली. बाहेर पडल्यावर सुमनने मंडईत कोवळी मेथी घेतली, पिशवी माझ्या हातात दिली आणि ती पुढे चालू लागली. कितीतरी महिन्यांनी तिच्याबरोबर राहायला मला भराभर पाय उचलावे लागले.