पाठीवरचे पेले

डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत आई गिरणीतल्या गड्यांची खानावळ चालवायची. लहानपणची आई आठवायला गेलं की मला तिची पाठच आठवते, शेगडीवर वाकलेली. तिच्याशी बोलायचं तर गड्यांच्या ताटांमागे नंबर लावावा लागे आणि माझा नंबर काही येत नसे.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गडी घोषणा देऊन घसा बसवून येत आणि त्याच बसलेल्या घशाने आणखी भात मागत. शेवटी आईची पाठ धरली. गोदीत भाऊ असलेल्या एका गड्याने माझगावच्या चिनी म्हातारीचं घर सांगितलं. रविवारी संध्याकाळी खानावळीला खाडा असे, तेव्हा आई मला घेऊन तिकडे गेली.

म्हातारीने आईला खाटेवर पालथं झोपवलं. स्पिरिटचा पेटता बोळा चिमट्याने काचेच्या पेल्यात फिरवून काढला आणि पेला झटकन पाठीवर पालथा घातला. आतली कातडी फुगून वर आली. मी भोकाड पसरलं.

"गप गो," आई म्हणाली. "आमच्याकडे पोटावर दिवो ठेवून वर तांब्या पालथो घालतत, तसाच ह्या."

पाठभर पेले लावून झाल्यावर म्हातारी म्हणाली, "हिलना नहीं," आणि आत गेली.

आईला हलायची बंदी! मी खाटेशी फतकल मारून बसले. तिने माझा हात धरला आणि विचारलं, शाळेत तुझ्या बाजूला कोण बसते? मग मी जी सुटले ती पेले निघेपर्यंत थांबले नाही.

पाठीवर जांभळे गोल उठले होते. नळावरच्या बायकांनी विचारलंसुद्धा, "मोर्चात गेलेलीस काय गं?"

मग दर रविवारी आम्ही जाऊ लागलो. गोल फिके होत गेले. म्हातारीच्या हिशेबाने फिका डाग म्हणजे दुखणं सरलं. एका रविवारी तिने पाठ दाबून पाहिली आणि म्हणाली, "अब ठीक. नहीं आना."

माझा चेहरा पडला. आईने खाटेवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"थोडा दुखता है अजून," ती म्हणाली.

सकाळीच तिला पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेऊन जिना चढताना मी पाहिलं होतं. मी पटकन खाटेशी फतकल मारली. म्हातारीनेही पेले पुन्हा बाहेर काढले. पुढे तिचं बिऱ्हाड माझगावातून हललं तोवर आमचे रविवार चालू राहिले. त्या खाटेशेजारची जमीन मला अजून हवी आहे.

आता रविवारी संध्याकाळी लेकीचा फोन येतो. ती घाईत असते. "पाठ कशी आहे गं?" विचारते. पाठ ठणठणीत आहे.

"थोडी दुखतेय अजून," मी सांगते.

"मग डॉक्टरकडे जा ना, आई," ती म्हणते.