पुस्तक बांधणीला गेलेलं नाही

श्री. नेमिनाथ रुईकर, म्हणजे कारंज्याच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, आमचे नेमीभाऊ, यांची माझी पहिली ओळख झाली ती माझ्या फजितीने. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बाईच्या शरीराची शास्त्रीय माहिती देणारं एक पुस्तक मला हवं होतं. वाचनालयात गेले, टेबलाशी वाकून अगदी कानात सांगावं तसं नाव सांगितलं. भाऊंना हळू आवाज कसा तो ठाऊकच नाही. ते खणखणीत म्हणाले, "हाय ना! तिसरं कपाट, वरून दुसरी ओळ. सोता काढून घ्या!" पेपर वाचत बसलेल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. मी पुस्तक न घेताच पळाले.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी माझ्या मैत्रिणीबरोबर निरोप पाठवला की, चूक माझी झाली, परत या. गेले तर टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. पुस्तकाचं नाव मोठ्याने सांगायचं नसेल त्याने नुसता क्रमांक लिहून द्यावा, अशी सोय त्यांनी एका रात्रीत केली होती. त्या चिठ्ठ्या आजही चालू आहेत, आणि कोण काय वाचतं याची चर्चा भाऊंनी आजतागायत कुणाशी केलेली नाही. त्यांच्या सख्ख्या भावाने एकदा आपली सून काय नेते ते विचारलं. "तिले विचार," एवढंच भाऊ म्हणाले.

घरी कापडाचं चालतं दुकान होतं. वडिलांची इच्छा मुलाने गादीवर बसावं अशी होती. भाऊ वाचनालयात येऊन बसले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी काचेच्या कपाटांची कुलपं काढली. पुस्तकं चोरीला जातील, असं लोक म्हणाले. दोन-चार गेलीही. भाऊंनी कुलपं काही परत लावली नाहीत. पुढे मी तिथेच साहाय्यक म्हणून लागले, आणि ज्या प्रसंगाबद्दल मला खरं तर लिहायचं आहे तो त्यानंतरचा. त्यात माझीच लाज निघते, पण त्याला इलाज नाही.

एका विधवेचं आत्मचरित्र आमच्याकडे आलं होतं. सासरी आणि गावातल्या मोठ्या माणसांनी तिला कसं वागवलं, ते तिने काहीही न लपवता लिहिलं होतं. त्यातल्या एका पानाचा फोटो गावभर मोबाइलवर फिरला आणि समाजाची बदनामी झाली म्हणून बोंब उठली. भाऊ त्या दिवशी वाशीमला बैठकीला गेले होते. आमच्या कार्यकारिणीच्या अध्यक्षांचा मला फोन आला, "तेवढं पुस्तक जरा बाजूले ठेवा. बोभाटा नोको."

आमच्या धंद्यात नको असलेलं पुस्तक दडवायची एक जुनी रीत आहे. बंदी वगैरे कुणी म्हणत नाही. पुस्तक बांधणीला गेलं आहे, असं सांगायचं. कोण विचारतंय मग? मीही पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात सरकवलं.

आसेगावच्या शेवंताबाई दर मंगळवारी कारंज्याला लेकीकडे येतात आणि येताना पुस्तक बदलून नेतात. त्यांनी नेमकं तेच मागितलं. मी म्हटलं, बांधणीला गेलंय. "बरं, मंग पुढच्या मंगळवारी येतो," म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी तेच उत्तर. तिसऱ्या मंगळवारी भाऊ शेजारीच होते.

"बांधणीले?" भाऊ म्हणाले. "आपला बाइंडर तर दोन महिन्यांपासून अकोल्याले पोरीच्या घरी हाय!"

माझं तोंड पाहून त्यांना सगळं कळलं. त्यांनी खण उघडला, पुस्तक काढलं आणि शेवंताबाईंना हात जोडून म्हणाले, "बाई, आमी तुमच्याशी खोटं बोललो. पुस्तक इथंच होतं." ‘आमी’ म्हणाले हो, ‘ही’ म्हणाले नाहीत! शेवंताबाईंनी पुस्तक पिशवीत घातलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "माय, मले नाही म्हनली असती तरी चाललं असतं. बसभाडं भरून मी खोटं आयकाले येऊन राह्यली होती काय?"

त्या गेल्यावर भाऊ माझ्याकडे वळले. "काहून केलं असं?"

"भीती वाटली, भाऊ."

"मलेही वाटते. म्हणून पुस्तक कायले कोंडाचं? बंदी घालनारा निदान आपलं नाव तरी सांगते. बांधणीले पाठवनारा तेही सांगत नाही."

मी खूप रडले. त्यांनी चहा मागवला आणि दुसऱ्या कामाला लागले.

आठवड्याने कार्यकारिणीची सभा बसली. पुस्तक काढा, नाहीतर राजीनामा द्या, असं भाऊंना तोंडावर सांगण्यात आलं. घरात मुलीचं शिक्षण चालू होतं, नोकरी गेली तर दुकानाची गादीही आता धाकट्या भावाची झाली होती. भाऊंनी ठरावांची वही अध्यक्षांपुढे सरकवली. "काढतो. फक्त इथं पुस्तकाचं नाव लिहा, कारण लिहा, आन खाली सगळ्यायनं सह्या करा. मी हा ठराव दारावरच्या फलकावर लावतो. वाचकाले समजू द्या, कोणी काढलं ते."

वही टेबलाभोवती फिरली. एकाने चष्मा विसरल्याचं सांगितलं, एकाला तेवढ्यात फोन आला. सही एकानेही केली नाही. ते पान आजही कोरं आहे आणि पुस्तक तिसऱ्या कपाटात आहे. ज्यांना ते आवडत नाही त्यांच्यासाठी भाऊंनी आक्षेपांची वही ठेवली, आणि तीही उघड्यावरच. एका गृहस्थांनी पुस्तक घरी नेऊन वाचलं आणि तीन पानं भरून शिव्या घातल्या. भाऊंनी ती पानं कौतुकाने सगळ्यांना दाखवली. "वाचून बोलले ना! आपलं काम झालं," म्हणाले.

आता थोडं भाऊंच्या या गौरवग्रंथाबद्दलच, ज्यासाठी मी हे लिहिते आहे. गौरव समितीतल्या एका सदस्यांनी मला फोन करून सुचवलं, "ताई, तेवढा पुस्तकाचा भाग गाळा ना. सोहळ्याले सगळेच येनार हायेत, कायले जुनं उकरता?" मी विचारलं, समितीचा तसा ठराव आहे का? सह्या कुणाकुणाच्या आहेत? त्यांनी फोन ठेवला.

भाऊ, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, डोळे धड राहोत आणि तो मेला खणखणीत आवाज कधी बसू नये, एवढंच मागणं. आणि समितीला सांगते, हा ग्रंथ वाचनालयात येईल तेव्हा आसेगावच्या शेवंताबाई तो सगळ्यांच्या आधी नेणार आहेत, तसं त्यांनी मला सांगून ठेवलंय. माझ्या लेखाची ही पानं त्यात नसली, तर त्या मंगळवारी येऊन विचारतील. मी त्यांना खरं काय ते सांगेन, नावानिशी.