ओरखडे पडलेली बर्फाची पेटी

लोणावळ्यातल्या एका गोऱ्या साहेबाचा बंगला रिकामा होत होता. साहेबाचं सामान व्हरांड्यात विकायला मांडलं होतं. उन्हाळ्यात घरी दूध रोज नासायचं, म्हणून मी बर्फाची पेटी घ्यायला गेले होते. पेट्या दोन होत्या. एक आरशासारखी चकचकीत, तर दुसरीच्या दारावर कडीखाली ओरखडेच ओरखडे. मी चकचकीत पेटी पसंत करून मोकळी झाले.

तेवढ्यात एक ठेंगणी, नऊवारीतली बाई आली. स्टेशनाजवळ तिची खाणावळ होती. तिनं ओरखड्यांच्या पेटीत पदराचं टोक धरून दार लावलं आणि पदर ओढून पाहिला. तो सुटेना, तशी ती खुदकन हसली.

"मावशी, ती खराब झालीय हो," मी म्हटलं.

"खराब कुटं? सायबाच्या पोरांनी दार वढून वढून वरखडलीय. येवढ्या पोरांना पुरून उरली, तरी दार घट्ट हाय. आमची सून भरल्या दिवसांची हाय, आमाला आशीच पायजे." मग तिनं माझ्या पेटीवरून हात फिरवला. "तुमची लय कोरी हाय. व्हईल, हिलाबी वरखडणारं येतील."

लग्नाला बरीच वर्षं होऊनही माझ्या घरात पाळणा हलला नव्हता. हे तिला काय ठाऊक! मी चिडूनच घरी आले.

ती पुन्हा कधी दिसली नाही. परवा यांनी पेटी रंगवायला माणूस बोलावला. कडीखालचे ओरखडे तेवढे मी त्याला झाकू दिले नाहीत. धाकटीचा हात आत्ता कुठे तिथवर पोचू लागलाय.