सातव्या नावाची पोच

माझा एक वाईट स्वभाव आहे. मला स्वस्थ बसवत नाही, आणि दुसऱ्यानं केलेलं काम पटत नाही. आमच्या शिक्षण संस्थेच्या नगरच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. शाळा जिल्हाभर, सोनईपासून पुणतांब्यापर्यंत पसरलेल्या. पूर्वी पत्रं शिपायाच्या हाती जायची. तो तालुक्यातल्या एका शाळेत जायचा, तिथला कुणीतरी शिक्षक सगळ्यांची पत्रं ठेवून घ्यायचा आणि पोचवहीत एकच सही ठोकायचा. एकाची सही आली की अख्ख्या तालुक्याला पत्र पोचलं, अशी आमच्याकडची रीत. संध्याकाळपर्यंत एसटीत नाहीतर चहाच्या टपरीवर ज्याचं त्याला ते मिळायचंही.

ही वही मी बंद केली. विकतचं आयतं सॉफ्टवेअर कशाला, म्हणून मेल पाठवायचा प्रोग्राम स्वतः लिहिला आणि वर्षभर त्याची टिमकी वाजवत फिरलो.

मेल पाठवणं म्हणजे दोन मशीनची बोलाचाली. आपलं मशीन समोरच्या सर्व्हरच्या दाराशी जाऊन आधी पाठवणाऱ्याचा पत्ता सांगतं, मग ज्यांना पत्र द्यायचं त्यांचे पत्ते सांगतं. समोरचा प्रत्येक पत्त्याला वेगळं उत्तर देतो, तेही आकड्यात. अडीचशे म्हणजे ठीक, घेतो. साडेपाचशे म्हणजे असं कुणी इथं नाही, परत येऊ नका. आणि चारशेच्या घरातला आकडा आला तर आत्ता जमत नाही, थोड्या वेळानं या. मजकूर शेवटी एकदाच द्यायचा, आणि तो फक्त अडीचशेवाल्यांना मिळतो. बाकीच्यांचं लक्षात ठेवणं आपल्याकडे. कुणाकडे पुन्हा जायचं, कुणाचं पत्र परत आलं म्हणून साहेबांना सांगायचं. त्यात मला घाई, म्हणून मी सगळे पत्ते एका दमात सांगून टाकायचो. मग उत्तरंही ओळीनं येतात, पण त्यांच्यावर नाव असेलच असं नाही. यादीवर बोट ठेवून जुळवत जायचं, हे पहिल्याचं, हे दुसऱ्याचं.

माझा प्रोग्राम जुळवत नव्हता. एक जरी अडीचशे आलं की तो सगळ्या नावांपुढे 'पाठवले' लिहायचा. वही बंद केली खरी, पण वहीची खोड मी जशीच्या तशी मशीनला लावून ठेवली होती. प्रोग्राममध्ये त्या जागी स्वतःसाठी एक टीपही लिहिली होती, 'नंतर बघू'. मग दुसरी कामं निघाली आणि मी विसरलो.

त्या शुक्रवारी आमच्या बारा हंगामी शिक्षकांना कायम करण्यासाठी कागदपत्रांची तपासणी होती. तिघांची कमिटी सकाळी दहाला बसणार, दुपारी एकला उठणार. मूळ कागद घेऊन जो येणार नाही त्याचं नाव बाद. पुन्हा संधी कधी मिळेल ते कुणालाच माहीत नव्हतं.

साडेअकराला आमचे हेडक्लार्क टेबलाशी आले. "सर, अकरा जन आले. पुनतांब्याच्या बाई न्हाई आल्या. मेल गेल्तं ना?"

"गेलं म्हणजे काय? हे बघा. बारा नावं, बाराहींपुढे 'पाठवले'. मंगळवारीच."

"तसं न्हाई. त्या बाई चुकायच्या न्हाईत, म्हनून इचारलं."

ते गेले, पण मला बसवेना. त्या बाईंना मी ओळखत होतो. अकरा वर्षं हंगामी. प्रत्येक ट्रेनिंगला पहिल्या बाकावर, आणि शाळेचं कॉम्प्युटरचं काम एकट्याच ओढणाऱ्या. मी दोन मशीनचं मंगळवारचं संभाषण उघडलं. प्रोग्राम ते जसंच्या तसं साठवत होता, मीच कधी वाचत नव्हतो. बोट ठेवून मोजलं. अडीचशे, अडीचशे, अडीचशे. सातव्या ओळीवर, बाईंच्या पत्त्याला, चारशे बावन्न. मेलची पेटी भरली आहे, नंतर प्रयत्न करा.

पेटी का भरली तेही लगेच कळलं. हजेरीचे, पोषण आहाराचे, लावलेल्या झाडांचे फोटो ऑफिसला पाठवा, असं परिपत्रक संस्थेनं काढलं होतं. इतर शाळांनी ते फाईलला लावलं. बाईंनी रोज फोटो पाठवले, पाठवलेल्याची प्रत आपल्याही पेटीत राहते, आणि त्यातच त्यांची पेटी भरली. ते परिपत्रक मीच सगळ्यांना धाडलेलं. मला कानकोंडं झालं. तीन दिवसांत एकदा जरी पुन्हा प्रयत्न केला असता, निदान क्लार्कला एवढं सांगितलं असतं की एक पत्र पोचलेलं नाही.

बाईंचा फोन लावला. वाजत राहिला. शाळेच्या वेळात शिक्षकांचे फोन मुख्याध्यापकांच्या कपाटात असतात. मुख्याध्यापकांना लावला, तेही उचलेनात. मी उठलो, जिन्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा लावला. पाचव्यांदा त्यांनी घेतला. "बाईंना मूळ कागद घेऊन आत्ताच्या आत्ता नगरला पाठवा. एसटीनं नको, तुमची गाडी काढा." काय झालंय ते विचारत बसले नाहीत, माणूस भला. बाराला पाच कमी होते. पुणतांब्याहून नगर, तेही आमच्या त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं, म्हणजे दोन तास धरायचे.

मग कमिटीच्या खोलीत गेलो. सेक्रेटरी साहेबांनी विचारलं, "काय हो, मेल गेलं होतं ना?"

"गेलं होतं साहेब. पण त्यांची पेटी भरलेली होती."

"मग पेटी रिकामी ठेवायचं काम कुणाचं? लिहा गैरहजर."

मी बाहेर आलो. बोललो ते खोटं नव्हतं, म्हणून तर इतकं पटकन तोंडातून गेलं. व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. अकरा शिक्षक बाकावर फायली मांडीवर घेऊन बसलेले. त्यांच्याकडे बघवेना. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. पुन्हा आत गेलो. हात दाखवून अवलक्षण, पण गेलो.

"साहेब, चूक बाईंची नाही. समोरच्या सर्व्हरनं नंतर या म्हणून सांगितलं होतं. माझ्या प्रोग्रामनं ते उत्तर टाकून दिलं आणि पाठवले म्हणून लिहिलं. प्रोग्राम माझा आहे."

कमिटीतले एक जण हसले. "शिपायापेक्षा बरं म्हणत होता ना तुम्ही हे?"

मी म्हणालो, "तेव्हा म्हणत होतो."

"लेखी द्या," साहेब म्हणाले. तिथंच उभ्यानं लिहून सही केली. साहेबांनी दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं. "जेवून घेतो. दोनला उठणार. त्यापुढं एक मिनिट थांबणार नाही."

ते जेवत होते आणि मी फाटकाशी उभा. एकला फोन केला. राहुरीच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेत म्हणे. दीडला लागला नाही. पावणेदोनला मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून मनमाडच्या बाजूला बघत होतो आणि रिक्षावाले शिव्या देत होते. त्यांचं काही चुकत नव्हतं.

दोनला सहा मिनिटं कमी असताना गाडी आली. बाईंच्या साडीला खडूचा हात लागलेला तसाच होता. त्या आत गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा क्लार्कनं मला लांबूनच मान हलवून सांगितलं, झालं.

मी त्यांच्यापुढे गेलो आणि सगळं सांगितलं. पेटी, आकडा, माझा प्रोग्राम. माफीही मागितली, ती मला धड मागता येत नाही. त्या ऐकून घेत होत्या.

"मला बुधवारीच कळलं हुतं सर," त्या म्हणाल्या. "शेजारच्या शाळेतल्या मॅडमना पत्र आलं, त्यांनीच सांगितलं. मला न्हाई आलं."

"मग एक फोन करायचा ना ऑफिसला."

"काय विचारू फोन करून? मागं दोनदा यादीतनं नाव काढलं हुतं. तवा पन असंच झालं, पत्र आलंच न्हाई. म्हनलं, आताबी काढलं असंल." "म्हंजे सर, या टायमाला माझं नाव यादीत हुतं? पयल्यापासनं?"

मी त्यांना टेबलाशी नेलं, मंगळवारचं ते संभाषण उघडलं आणि सातवी ओळ दाखवली. इंग्रजी अक्षरांत त्यांचा पत्ता, आणि खाली उत्तरात चारशे बावन्न. त्यांनी फक्त वरची ओळ वाचली. एकदा वाचली, मग पडद्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर पुन्हा वाचली.

"याचा प्रिंट मिळंल का सर?" त्या म्हणाल्या.